टपावर कोणी चढलंय का?

आबांसारखा रिकाम्या जागेचा वैरी अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही, आणि हे मला आठवलं नेमकं तेव्हा, जेव्हा माझं बोट मशीनच्या, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, लाल बटणावर होतं. पडद्यावर 'फ्री'खालचा आकडा सकाळपासून उतरत उतरत सहाशेवर आलेला. साहेब पाचोऱ्याला जाताना चिठ्ठी लिहून गेलेले, रिकामी मेमरी हजाराच्या खाली गेली की मशीन बंद करायचं. बाहेर बियाण्याचे चार ट्रक उभे, आत पाच मुली त्याच मशीनवर त्यांची चलनं टाइप करतायत, बंद केलं तर सगळ्यांचं अर्धवट काम जाणार, नाही केलं आणि मशीन अडकलं तर माझी नोकरी जाणार. मी नववी नापास, तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेली, नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात आठ महिन्यांचं लेकरू. दाबावं की सोडावं, कळेना. म्हणून दुसऱ्या हातानं धुळ्याच्या ऑफिसला फोन लावला.

हे आबा म्हणजे आमच्या कंपनीच्या मशीनचे डॉक्टर. राहायचे धुळ्याला, आठवड्यातून दोनदा एस.टी.नं जळगावला यायचे. त्यांना रिकामं काही बघवायचंच नाही. शर्टाचे खिसे फुगलेले, डब्यात भाकरीच्या घडीत मिरची आणि मिरचीशेजारी पेन्सिलीचा तुकडा. मशीनचे जुने रिपोर्ट दोन्ही बाजूंनी लिहून झाले तरी टाकायचे नाहीत, भिजलेल्या बुटात कोंबायचे. साहेबांनी एकदा त्यांना नवीन कपाट दिलं, तर दुपारपर्यंत त्यात आबांची छत्री, दोन किलो शेव आणि साहेबांचीच हरवलेली फाईल. "रिकामं पडेल म्हणजे वाया गयं," म्हणायचे.

माझी त्यांची ओळखसुद्धा सीटवरनंच. पारोळ्याला मी लेकरू घेऊन गाडीत चढले तर तिघांच्या सीटवर हे एकटे, बाजूला केळीची फणी, वायरी, कागदांचा गठ्ठा. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे. आणि मी तोंड उघडायच्या आत केळी मांडीवर, वायरी गळ्यात, गठ्ठा पायाखाली, जागा तयार. कंडक्टर म्हणाला, "आबा, आधीच मोकळी ठेवायची ना."

"कोणी नव्हतं तोवर मोकळी ठेवून काय तिला पाणी घालू?"

एरंडोल येईपर्यंत मला टायपिंग येतं हे त्यांनी काढून घेतलं, आणि सोमवारी मी कामावर.

तर फोनवर मी रडत रडत आकडा सांगितला. ते पलीकडे शेव चावत होते. शांतपणे म्हणाले, "गाडी भरेल शे, ते समजनं. टपावर कोणी चढेल शे का?"

गाडी भरलीय हे ठीक, पण टपावर कोणी चढलंय का म्हणजे काय, मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. एकदा मागितलेल्या फायली मशीन रिकाम्या मेमरीत जवळच मांडून ठेवतं, परत लागतील म्हणून, जशी त्यांची केळी. कोणाला जागा लागली की उचलतं. 'फ्री' नको बघू, 'स्वॅप' बघ, आत खरंच मावेनासं झालं की मशीन एकेकाला टपावर, म्हणजे डिस्कवर, चढवतं आणि ते तिथं दिसतं. मी बघितलं, शून्य. त्यांनी पाच मिनिटं बघायला लावलं, तरी शून्यच.

"मग हात काढ, पोरी."

समोर साहेबांच्या सहीची चिठ्ठी, कानात नुसता शेव चावल्याचा आवाज. मी हात काढला.

उन्हं उतरायच्या आत चारही ट्रक गेले. साहेब आले, मशीनच्या वहीत मी लिहिलेला सहाशेचा आकडा बघितला, बाहेर ट्रकांची रिकामी जागा बघितली, माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, आबा सांगतील तशी नवी लिही.

आता आबा निवृत्त होऊन घरी असतात. माझं लेकरू शाळेत जातं, आणि नव्या मुलींना पडद्यावरचे ते 'फ्री' आणि 'स्वॅप'चे आकडे वाचायला मी शिकवते, त्यांचंही बोट आधी लाल बटणाकडेच जातं. धुळ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवते, आणि पारोळा आलं की उगाच दाराकडे बघते, कोणी लेकरू घेऊन चढतंय का. खरं सांगू, त्या दिवशी मला मशीनमधलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला फक्त ती सीट आठवली होती. एवढ्यावर मी हात काढला. तुम्ही काय केलं असतं हो?