लोणारमार्गे संग्रामपूर, सोबत एक वॉकर

लोक रजा घेऊन महाबळेश्वरला जातात. मी ऐन मार्चमध्ये संग्रामपूर तालुक्यात गेले, तेही हट्टानं.

कारण शेवंतामावशी. मी जालन्यात नर्स आहे. लेकीकडे आलेल्या मावशी अंगणात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन माझ्या वॉर्डात आल्या. गावी परतल्यावर त्यांचा मुलगा गजानन फोनवर दर वेळी म्हणायचा, वॉकर घेऊ. दोन महिने गेले, मावशी खाटेवरच. अजून महिनाभर अशाच पडून राहिल्या असत्या तर पुन्हा उठल्या नसत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या चर्चच्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढतात. ईस्टरआधीच्या उपासकाळात ते धान्य विकून वॉकर आला. त्यांच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मालनबाईंनी तो जुन्या चादरीत शिवून दिला आणि वाटेत उघडायचा नाही अशी तंबी दिली.

पहाटे सहाला निघालो. गाडी चालवायला नवरा, प्रभाकर. मंठ्यावरून लोणार दोन-अडीच तासांत येतं. जाणार असाल तर नऊच्या आत विवरात उतरा आणि पाणी जवळ ठेवा, खाली दुकान नाही. हिरवट तळं, काठाची जुनी देवळं, झाडीतून मोरांची ओरड. उतरायला सोपं आहे. चढताना प्रभाकरनं तीनदा बुटाची नाडी बांधली, आणि तिन्ही वेळा ती सुटलेली नव्हती.

पुढे मेहकरला बालाजीचं मंदिर बाहेरून पाहिलं, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि खामगावमार्गे शेगावला मुक्काम केला. हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळाली. सकाळी कचोरी खाल्ली, तळलेल्या मिरचीसकट. उपासकाळात मी मटण सोडते, कचोरी नाही.

शेगावहून संग्रामपूर तासाभराचं. उत्तरेला सातपुडा दिसायला लागला की कांद्याची आणि वांग्याची शेतं लागतात. मावशींचं घर तालुक्याच्या गावापासून थोडं आत, पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण. आम्ही येणार हे गावभर झालं होतं. दहा-बारा शेजारी जमलेले. मी ऐटीत चादरीची शिवण उसवली आणि माझं तोंडच उतरलं.

वॉकरच्या आडव्या दांडीवर लाल ऑइलपेंटनं ठळक अक्षरं होती: ‘येशूच्या नावाने प्रेमभेट. महिला मंडळ.’

आपल्याकडे देवळाच्या पंख्यावरही देणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे मालनबाईंना दोष तरी काय द्यायचा? पण अंगणात कुजबुज सुरू झाली. गजाननचा चेहरा पडला. त्यानं मला बाजूला घेतलं.

“सिस्टर, मले राग नाही. पन हे नाव पाहून लोकं म्हन्तीन, वॉकरपायी बाटले. मले याच गावात राहाचं हाय.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढ्या लांबून आलो, काही मागितलं नाही, आणि संशय आमच्यावर. प्रभाकर हळूच म्हणाला, या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, आपण तर पाटीच लावून आणली. त्याचं बरोबर होतं, म्हणून आणखीच राग आला. तेवढ्यात आतून, खाटेवरून आवाज आला.

“काऊन खुसफुसून राह्यले बे? मले कोनी उठवता का नाही?”

नाव खरवडायला मी ब्लेड मागितलं. शेजारचे रफिकचाचा घरांना रंग द्यायचं काम करतात. ब्लेडनं ओरखडे पडतील म्हणत ते घरून थिनरची बाटली आणि फडकं घेऊन आले. मला वाटलं, तेच पुसून देतील. त्यांनी फडकं माझ्या हातात ठेवलं.

“ईसा आमचेही पैगंबर हायेत, बाई. त्यायचं नाव म्या नाही पुसनार. ते तुमीच पुसा.”

मग मीच पुसलं. ज्याच्या नावानं रात्री डोळे मिटते, ते नाव माझ्याच हातानं उतरत होतं. एकीकडे आत खाट करकरत होती, मावशी स्वतःच उठायची खटपट करत होत्या. मी हात भराभर चालवला.

वॉकरची उंची मनगटाला बेतून घेतली. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला, हे मावशींना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्यांनी मला गप्प बसवलं. पहिल्या पावलाला त्या थरथरल्या, दुसऱ्याला गजाननला शिवी दिली. अकराव्या पावलाला दारात पोचल्या, चौकट धरली आणि समोरच्या वाफ्याकडे बघत म्हणाल्या, “लसनाले पानी कोनी देल्लं नाही वाट्टे.” गजानन हसला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. माझंही तेच झालं.

जेवायला निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी होती. वरून ओतलेल्या तुपाचा हिशेब डॉक्टरला सांगण्यासारखा नाही. सवयीनं मी डोळे मिटून मनात प्रार्थना केली. उघडले तर सगळी पंगत हात आवरून माझी वाट बघत होती. गजाननच्या बायकोनं दुसरा रोडगा माझ्या ताटात कुस्करला.

शनिवारी मंडळाच्या बैठकीत मी फोनवरचा मावशींचा वॉकर धरलेला फोटो दाखवला. मालनबाईंनी चष्मा चढवला.

“नाव कुठंय गं?”

“पुसलं. मीच पुसलं.” आणि का, तेही सांगितलं.

मालनबाईंनी ती अक्षरं कापऱ्या हातानं, दोन दुपारी बसून काढली होती, हे मला तिथंच कळलं. त्या म्हणाल्या, “मग त्यांना येशू कळायचा कसा?”

“मला नाही माहीत, मालनबाई. पण मावशी कालपासून एकट्या दारापर्यंत जातात.”

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खूप वेळ खालीच बघत राहिल्या.

“चप्पल अगदी गुळगुळीत झालीय हिची,” त्या म्हणाल्या. “घसरेल. पायाचं माप विचारून घे.”