राबाची साक्ष

फाल्गुन उतरणीला लागला की अजूनही आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना धूर दिसतो. वाळला पाला, ऐनाच्या डहाळ्या, शेणाचा चुरा आणि त्यावर पसरलेली माती असं सारं मिळून धुमसू लागलं, की भाकरीचा काठ तव्यावर करपावा तसा एक कडवट, किंचित गोडसर वास डोंगरउतारावरून घरंगळत खाली येतो आणि उंबऱ्याशी घुटमळतो. तो राबाचा वास. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमिनीचा तुकडा असा भाजून ठेवायचा, ही आमच्या मावळातली रीत. त्या दिवसांत तोरण्याचा माथा दुपारभर धुरकट दिसतो, निष्पर्ण सावरी लालभडक फुलांनी पेटून उठतात, आणि खरा जाळ कुठला नि फुलांचा कुठला, हे लांबून पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही.

त्या वासाबरोबर मला एक मुलगी आठवते. ती मीच, असं कबूल करताना जीभ जराशी अडखळते. नाकात नथ, डोक्यावर कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि त्या पदराखाली जगातल्या यच्चयावत प्रश्नांची तयार उत्तरं. जगातली दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मी भोरला सातवीपर्यंत शिकले होते. भाऊ पुण्याला कॉलेजात होता आणि सुट्टीत घरी येताना त्याच्या ट्रंकेत कपडे कमी नि विचार जास्त असत. त्या ट्रंकेतून मी एक शब्द उचलला: विवेकबुद्धी. मीठ वापरावं तसा मी तो वापरी. आमटीत, कालवणात, आणि कुणी मागितलं नसताना शेजारच्या ताटातसुद्धा. लग्न होऊन विंझरच्या अलीकडच्या वाडीत आले, तेव्हा माझ्या रुखवतात बाकी काय उणं असेल ते असो, या शब्दाची कमतरता नव्हती.

माझा सिद्धान्त मोठा देखणा होता. माणसाच्या चांगुलपणाला देवाच्या धाकाची गरज नाही. धाकापोटी नीट वागतो तो सज्जन नव्हे, तो नुसता भ्यालेला. खरी नीती अंतःकरणात स्वयंप्रकाशी तेवत असते, वगैरे. आता हे ऐकायला वाडीत होतं कोण? होते, एकटे मामंजी. माझे सासरे गावच्या पंचांतले, माळकरी नव्हेत पण भैरवनाथाला नमस्कार केल्यावाचून चूळही न भरणारे, आणि वादाची माझ्याइतकीच हौस असलेले. अडचण एकच होती. सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही. तेव्हा आमचं तत्त्वज्ञान आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मार्फत चाले. मामंजी पडवीत दोर वळत बसलेले, मी माजघरात जात्याशी, आणि सासूबाई मधल्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत. मी घरघरत्या जात्यावरून अर्धी घटका बोलावं, अंतःकरण, प्रकाश, मानवी प्रतिष्ठा असं सगळं बोलावं, आणि आत्याबाईंनी मान वळवून पडवीकडे एवढंच पोचवावं:

"आवं, ती म्हनती, देव न्हाई. चुलीवर पानी ठिवू का?"

"ठिव," मामंजी म्हणत. "आन तिला इचार, कुनी बगत नसताना बी मानूस खरं का बोलतंय मग?"

मी पुन्हा जातं थांबवून सविस्तर उत्तर दिलं, की आत्याबाई सांगत, "ती म्हनती, आतनं वाटतं म्हून."

"आतनं म्हंजी कुठनं?"

यावर आत्याबाई माझ्याकडे पाहत नि मी पिठाकडे. मग आणखी जोरात दळू लागे. जोरात दळणं हेही एक उत्तर आहे, असं मला त्या वयात वाटत होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या वाटेवर, सखूवन्संचं खाचर होतं. वन्सं म्हणायचं कारण त्या या वाडीच्याच लेक, म्हणून आम्हा सगळ्या सुनांच्या नणंद. नवऱ्यानं टाकलेल्या. वडील वारल्यावर भावकीनं तो एक तुकडा त्यांच्या पोटासाठी सोडलेला, आणि त्या एकट्या तो माणसा-बैलाचं काम करून कसत. त्यांनी त्या फाल्गुनात राब भाजला. त्याच दुपारी वारा उठला आणि शेजारच्या तात्यांची गवताची अख्खी गंजी जळाली. उन्हाळा तोंडावर, गोठ्यात जनावरं, आणि वैरणीच्या जागी काळी राख. तात्यांचा संताप खोटा नव्हता. सखूनं विस्तव तसाच टाकून घर गाठलं, असं त्यांचं म्हणणं. तुकडा काढून घ्या आणि तिला तिच्या सासरी धाडा, ही मागणी. सासरी म्हणजे ज्या दारातून तिला केस धरून बाहेर काढलं होतं त्याच दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढे पंच बसले. आमच्याकडे साक्ष द्यायची ती बेलभंडारा उचलून. पुजारी ओंजळीत बेलाचं पान ठेवतो, त्यावर देवाच्या पायाची हळद, आणि ती हातात असताना बोललं ते खरं. खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. पंचांनी आधी वन्संनाच उचलायला सांगितलं. त्या पुढे झाल्या, हात पसरला, आणि मागे घेतला.

"माज्यानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या.

देवळापुढे कुजबुज पसरली. बायांच्या घोळक्यात मी मनोमन चरफडले. बघा, हा धाक! निरपराध बाई एका पानाला भिऊन स्वतःचं घर बुडवते आहे! इतक्यात वन्संनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "वैनी झऱ्यावर आलती तवा. तिनं बगितलंय. तिला इचारा."

माझ्या आयुष्यातला तो सुवर्णक्षण व्हायचा होता. मी बेल उचलणारच नाही, असं पुढे होतानाच ठरवलं. सांगेन, की सत्य हे सत्याच्याच बळावर उभं राहतं, त्याला पानाचा टेकू लागत नाही. भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळलं होतं, त्यात 'बंधुभगिनींनो' असं संबोधन होतं. पण पुजाऱ्याला दुसरी कामं असावीत. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझ्या ओंजळीत पान ठेवून वर हळद टाकलीसुद्धा, आणि बंधुभगिनी जागच्या जागी राहिले.

तात्यांनी विचारलं, "इस्तू पुरता इझला व्हता का न्हाई, तेवढं सांग. व्हय का न्हाई."

मी पाहिलं होतं ते असं. सखूवन्संनी डोक्यावरची घागर राबावर उपडी केली, हिरव्या डहाळीनं कडा झोडपून काढल्या, धूर पातळ होत होत नाहीसा झाला. मग मी माझी घागर कमरेवर घेऊन वळणाआड गेले. बस्स. राखेच्या पोटात काय होतं, ते मी पाहिलेलं नव्हतं. आणि आता एका 'व्हय'वर एका बाईचं अन्न नि आसरा टांगलेला होता. विचार करून पाहा, माझ्याइतकी मोकळी जीभ त्या देवळापुढे दुसऱ्या कुणाची होती? माझ्या लेखी ते पान म्हणजे झाडाचं पान होतं आणि हळद म्हणजे फोडणीतली हळद. वंश बुडण्याची भीती नाही, वर बसून पाहणारा कुणी नाही. खोटं म्हणावं तर तेही पुरतं खोटं नव्हे, आणि फळ तर निखळ चांगलं. साऱ्या सिद्धान्तानं मला हात जोडून वाट करून दिली होती.

आणि माझा हात कापत होता. इतका, की हळद बोटांच्या फटींतून सांडत होती.

"पाणी ओतलं," मी म्हणाले. स्वतःचा आवाज मला उंदराच्या पिल्लाचा वाटला. "डहाळीनं झोडपलं. मी निघाले तेव्हा धूर नव्हता. राखेखालचं मी बघितलं नाही."

वन्संनी डोळे मिटून घेतले. तात्या उसळले, "म्हंजी ठावं न्हाई!" पंच आपापसांत बोलू लागले. शेवटी मामंजी बोलले. खोटंच बोलायचं असतं तर पुरं बोलली असती, म्हणाले. बाईनं हातची घागर ओतली, झोडपलं, आणखी काय करायचं माणसानं. वाऱ्याला कुणी आवतण दिलं नव्हतं. वाडीच्या घराघरानं तात्यांना गवताचा एकेक भारा द्यावा, आणि तुकड्याचं नाव कुणी काढू नये. तात्या पुटपुटत राहिले, पण बसले.

त्या संध्याकाळी जातं माझ्यापुढे तसंच होतं, मामंजी दोर वळत होते, आणि पडवीतून सवाल आला. "तिला इचार, हात का कापत व्हता?"

उंबऱ्यावर आत्याबाई माझ्या उत्तराची वाट पाहत थांबल्या. मी जात्याभोवतीचं पीठ गोळा करू लागले. तेव्हा त्या माउलीनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मनचं उत्तर दिलं. "तिला भाकरी थापायच्यात. उद्या सांगंल."

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर सखूवन्सं भेटल्या. मला वाटलं, गळ्यात पडतील. थोडं सावरूनच उभी राहिले, नम्रपणे आभार कसे नाकारायचे ते मनाशी घोकत. त्यांनी घागर दाणकन खाली ठेवली.

"इझला व्हता म्हनाया काय झालं गं तुला?"

"पण वन्सं, मी बघितलंच नाही तर..."

"आन म्या तरी कुठं बगितलं?" त्यांचा आवाज एकाएकी उतरला. "पानी वतलं. निगाले. मागनं राखंत हात फिरवून बगितला का, आठवंना. आठवतच न्हाई बग. म्हून तर म्या बेल उचलला न्हाई. म्या कशी उचलू? पर तुला काय हरकत व्हती? तू तर सांगत फिरतीस, देव न्हाई म्हून. तुझं नाव म्या का घेतलं मग?"

झऱ्याचं पाणी माझ्या घागरीत भरून वर सांडू लागलं तरी कळलं नाही. देवाला भिऊन एक बाई खरं बोलली होती, आणि आपल्या वाट्याचं खोटं बोलायला तिनं माझ्यासारख्या न भिणारीची निवड केली होती, मोठ्या विश्वासानं. वाडीत माझा सिद्धान्त कुणाला कळलाच असेल, तर तो या एकटीला.

"बोल की," त्या म्हणाल्या. "कुनाला भ्यालीस?"

मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना हसू फुटलं. रडून झाल्यावर येतं तसलं. "जाऊ दे. घागर उचलू लागते, ये."

वाद पुढेही झडले. मामंजी गेले तोवर झडले, आणि शेवटच्या दिवसांत आत्याबाईंना मधून उठवून समोरासमोरही झडले. देव मला तेव्हाही पटला नाही, आज या पिकल्या केसांतही पटत नाही, आणि नातवंडांपुढे मी तसं ठणकावून सांगते. त्यांतली एक चुणचुणीत नात परवा म्हणाली, "मग आजी, खरं का बोलायचं?" मी म्हटलं, "आतून वाटतं म्हणून." तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. हल्लीच्या पोरांना वाद कसा घालायचा ते येत नाही.

राब भाजायचं काम आता मुलं करतात. पाणी ओतून, झोडपून ती निघतात, आणि मी काठी टेकत मागं राहते. खाली वाकते, राखेवर तळहात धरते. वरून गार लागते. मग बोटं आणखी थोडी आत घालते. कुणी बघत नसतं.