काकीने घासून काढलेल्या खुणा

मरायच्या तीन महिने आधी अण्णांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या कानाखाली मारली.

ती मला नव्हती. काकीला होती. मी मध्ये आले.

अण्णा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, काकी त्यांची बायको. मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटीवर तांडेल, खलाशांचे प्रमुख. हात आधी चालायचा, तोंड नंतर.

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मी जिथे मेडिकल फिजिसिस्ट आहे, तिथेच त्यांना आणलं.

प्लॅनिंगचा सीटी झाला. डॉक्टरांनी त्यावर गाठ आखली, रेडिएशनचा शेक कुठून किती द्यायचा ते मी बसवलं. छातीवर शाईच्या खुणा केल्या. रोज त्या खुणांवरच मशीन जुळवतात.

"पुसू देऊ नका," मी अण्णांना सांगितलं.

अंघोळ त्यांना काकी घालते, हे मी विचारलंच नाही.

पहिल्या शेकाला शर्ट काढला. छाती लालभडक आणि स्वच्छ.

"बाय, डाग होते गो," बाहेर कॉरिडॉरमध्ये काकी म्हणाली. "डॉक्टरांपुढे माणूस असा कसा आणायचा? नारळाच्या सोडणाने घासले."

"ही छाती आहे की बोटीचा तळ?" अण्णांनी हात उगारला.

मला लागल्यावर म्हणाले, "तू कशाला मध्ये तडमडलीस?"

"खाली बसा. नाहीतर सिक्युरिटी बोलावते."

बसले.

खुणा गेल्या, म्हणून पुन्हा स्कॅन, पुन्हा प्लॅन. चार दिवस गेले. तोवर पेट स्कॅनची तारीख मिळाली. त्यात मानेच्या मुळाशी आणखी एक गाठ चमकली. सीटीत ती आम्हा कुणालाच कळली नव्हती. माझ्या पहिल्या प्लॅनच्या ती बाहेर होती.

नव्या प्लॅनवर शेक पूर्ण झाला. अण्णा पेज गिळू लागले. मग मऊभात.

एका दुपारी ताटावरच खोकले.

रक्त. तोंडातून, नाकातून, थेट भिंतीपर्यंत. काकीने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं होतं. ती कोपरापर्यंत लाल.

दोन मिनिटं. कदाचित कमीच.

कॅन्सर महाधमनीला चिकटलेला होता. ती फुटली.

बाराव्याला कुणीतरी म्हणालं, "हिने खुणा पुसल्या, माणूस घालवला." वर्षभर तेच चाललंय. काकी ऐकून घेते.

आता माझं ऐका. दोन्ही सीटी शेजारी ठेवून मी मोजले आहेत. कॅन्सर महाधमनीला पहिल्या दिवशी जेवढा चिकटलेला, तेवढाच चार दिवसांनी. ते चार दिवस गेले नसते, तर पेट स्कॅनआधीच शेक सुरू झाला असता आणि मानेतली गाठ शेकाबाहेर राहिली असती.

चूक झाली. सूचना चुकीच्या माणसाला दिली. ती देणारी मी.

आज वर्षश्राद्ध. दुपारी सगळे जेवायला याल, काकीच वाढेल. ज्याला बोलायचंय त्याने मला बोला.

अण्णा, तुम्हाला नमस्कार.

काकी, तुझी माफी.