सोन्याच्या गावातला दसरा

दसरा शनिवारी आला, म्हणून बायकोला आणि मुलीला घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरातलं एक ओस पडलेलं सोन्याच्या खाणीचं गाव बघायला गेलो. कल्पना अर्थात माझी. माझी नोकरी जाऊन एकोणतीस दिवस झाले होते आणि घरात ते फक्त मला माहीत होतं. व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळून पुण्याला परत.

नोकरी गेली तीही माझ्या थाटात. सकाळी लॉगिन होईना, तेव्हा मी हेल्पडेस्कवाल्याला पंधरा मिनिटं झापलं. त्या बिचाऱ्याला काढलेल्यांची यादी समोर दिसत असणार. तो नुसता सॉरी म्हणत राहिला.

गाव दाखवायला एक म्हातारे स्वयंसेवक होते. त्यांची आजी इथलीच. ओढ्यात सोनं सापडलं, आधी तंबू पडले, मग बँक आली, शाळा आली, दोन चर्च आणि त्याच्या चौपट गुत्ते. पुढे खाणीतली सोन्याची शीर बारीक होत होत संपली. गाडीत मावेल तेवढं घेऊन लोक गेले. एका खिडकीतून टेबलावर मांडलेल्या बशा अजून दिसत होत्या.

लोकांना आधी कळलं नव्हतं का, मी विचारलं.

"कळलं होतं की," ते म्हणाले. "पण घरी जाऊन जो तो सांगायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा सोनं लागेल."

बायकोनं तोवर अ‍ॅस्पेनची ओंजळभर पिवळी पानं वेचली होती. आपटा नाही, तर हे सोनं. मी उत्साहानं एक पान त्या काकांना दिलं आणि आमची पद्धत समजावली. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि अगदी हळू सांगितलं, की इथून काहीही न्यायला बंदी आहे, खिळासुद्धा, पानसुद्धा. सोनं संपलेल्या गावात सोनं चोरताना सापडलेला मी पहिलाच असेन.

"बाबा, यू आर सो एम्बॅरेसिंग," म्हणत मुलगी शाळेच्या इमारतीकडे पळाली. आम्ही दोघं पानं झाडाखाली परत ठेवायला वाकलो. तिथेच, मातीकडे बघत, मी बायकोला सगळं सांगितलं.

ती पानं ठेवतच राहिली. मग म्हणाली, "किती दिवस उरलेत?"

"एकतीस."

तिनं शाळेच्या पायरीवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "हिला मराठी वाचतासुद्धा येत नाही रे. पुण्याला तुझ्या ताईंना फोन कर. तिसरीची पुस्तकं पाठवायला सांग."

मी बरं म्हणालो. नोकरी मिळेलच, असं ती म्हणाली नाही. मीही नाही.