झेंडूचा हार घातलेला ट्रॅक्टर
झेंडूबरोबर डिझेलचा वास आला की मला शीळफाट्याचा तो दसरा आठवतो. ओळखीच्या काकांनी जुन्या ट्रॅक्टरला हार घातलेला. "बापसाचा हाय. कंच्या कंपनीचा, ओळख बघू," ते म्हणाले. जुन्या गाड्या ओळखण्यात माझा हातखंडा, म्हणून मी बॉनेट उघडलं, खाली वाकून नंबरांवरचा गंज खरवडला आणि पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इंजिन एका ट्रॅक्टरचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, चाकं तिसऱ्याची. काका, हे नुसतं भंगार जोडलंय!" सगळे हसले. काका हळूच म्हणाले, "ठावं हाय. बापसानं एकट्यानं जोडला. तुला तरी कौतुक वाटंल म्हनून बोलावलं." पुढच्या दसऱ्याला अंगणात ट्रॅक्टर नव्हता. तो कुठे गेला, हे विचारायची माझी हिंमत अजून झालेली नाही.