केळीच्या खांबांचं विरजण

माझ्या सासूबाईंनी दुकानातून कधी दही आणलेलं मी पाहिलं नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. गावाला जायचं असलं की विरजणाची वाटी शेजारणीकडे ठेवायची आणि परत आल्यावर मागून आणायची. लग्न होऊन बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हापासून हे काम माझ्याही अंगवळणी पडलंय. त्या सवयीनेच माझा घात केला, आणि माझ्याबरोबर मामांचाही.

मी वसई पूर्वेला एका औद्योगिक गाळ्यात काम करते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे बाटल्या धुतात. ते अगदीच खोटं नाही, निम्मा वेळ तेच चालतं. उरलेल्या वेळात आम्ही जंतू घडवतो. आतड्यात राहणारा एक साधा जंतू घ्यायचा, त्यात दुसऱ्या जीवांची जनुकं बसवायची, आणि झाडपाल्यातली साखर खाऊन त्याने पेट्रोलमध्ये मिसळता येईल असं अल्कोहोल बनवावं, अशी त्याची तजवीज करायची. चार वर्षं घालवून मी असा एक वाण तयार केला. पहिल्यांदा फ्लास्कचं बूच काढल्यावर तो उग्र वास नाकात गेला, तेव्हा मी गाळ्यात एकटीच नाचले होते. या वयात!

साखर स्वस्तातली हवी होती. मला मामांची वाडी आठवली. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, गिरीजला त्यांची केळीची वाडी. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, उतरवला की तो खांब पुन्हा फळत नाही. तो कापायचा, तुकडे करून तिथेच वाफ्यात टाकायचा आणि कुजू द्यायचा, ही तिथली रीत. त्या खांबातूनच साखर निघते. नेमका तेव्हा मामांचा मुलगा त्यांच्या मागे लागला होता, केळी काढून टाकू आणि लग्नकार्यांसाठी लॉन करू. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच आपणहून गेले आणि सांगितलं, "मामा, एक वर्ष थांबा. आमचं मोठं यंत्र सुरू झालं की तुमचा एकही खांब वाया जाणार नाही. सगळे आम्ही घेऊ." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामांनी मुलाकडून वर्षाची मुदत मागून घेतली. घरात ते आपल्या बोलीत बोलतात. माझ्याशी मात्र, मी फ्लॅटातली म्हणून, शाळेत गुरुजींसमोर उभं राहिल्यासारखं. ते म्हणाले, "तू म्हणतेस तर थांबतो. तू काही उगाच बोलणार नाहीस." त्या दिवसापासून त्यांनी खांब वाफ्यात टाकणं बंद केलं आणि पडवीत ओल्या गोणपाटाखाली रचायला सुरुवात केली.

मे महिन्यात वीज गेली. शनिवारी गेली ती सोमवारी आली, आणि आल्या आल्या आमच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर जळाला. वाणाच्या गोठवलेल्या कुप्या वितळून कोमट झाल्या होत्या. त्यातून जे काही जिवंत उगवलं ते मी फ्लास्कमध्ये घेतलं. साहेब म्हणाले, फ्रीजर दुरुस्त होईपर्यंत एखाद्या कॉलेजच्या फ्रीजरमध्ये दोन कुप्या ठेवायला द्या. मला ते झोंबलं. चार वर्षांची मेहनत लोकांच्या दारात कशाला ठेवायची? मी म्हटलं, "मी सांभाळते." आणि मी ते घरच्या विरजणासारखं सांभाळलं. कालच्या फ्लास्कमधलं थोडं आजच्यात, आजच्यातलं उद्याच्यात. रविवारीसुद्धा जाऊन बदलून यायचे. सासूबाईंची रीत मी अर्धीच उचलली. शेजारणीकडे वाटी ठेवायची, ती अर्धी विसरले.

फ्रीजरचा भाग यायला तीन महिने लागले. जंतू एवढे जोमाने वाढत होते की फ्लास्क दुपारीच गढूळ व्हायचा. मी खूश. मोठ्या यंत्रासाठी चाचणी घेतली तेव्हा कागदावर अल्कोहोलची रेघ जवळजवळ सपाट आली. मी मोजणीच्या यंत्राला शिव्या घातल्या, नळ्या बदलल्या, पुन्हा लावलं. रेघ सपाटच. बूच काढून वास घेतला. काही नाही.

दह्यातले जंतू आपल्यासाठी राबत नाहीत. आंबवणं ही त्यांच्या जगण्याचीच गरज आहे, म्हणून वर्षानुवर्षं दही लागतं. माझ्या जंतूंच्या गळ्यात आम्ही आमचं काम बांधलं होतं. लाखोंत एखादा ते काम टाकून देतो, आणि ओझं नाही म्हणून भरभर वाढतो. रोजच्या चमच्याबरोबर मी त्यालाच पुढे ढकलत राहिले. हे मला पाठ्यपुस्तकातून पाठ होतं, नव्या मुलांना मीच शिकवते. स्वतःच्या हातावर मात्र विश्वास होता ना!

काम करणारे काही उरले असतील म्हणून मी ताटल्यांवर जंतू वाढवून त्यांचे शेकडो ठिपके एकेक करून तपासले. एकही निघाला नाही. पुन्हा पहिल्यापासून घडवायचं तर आणखी वर्ष-दीड वर्ष जाणार. साहेबांनी मान हलवली आणि दुसरं काम हाती घेतलं.

मामांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. गिरीजला गेले. पडवीत खांब छतापर्यंत पोचले होते. मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. रडू आलं, ते आवरलं नाही. मामा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मेले का ते?"

"नाही मामा. उलट आधीपेक्षा छान वाढतायत. फक्त काम करत नाहीत."

"मग सुखात आहेत म्हणायचे," ते म्हणाले आणि थोडं हसले. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. आतून मामीने जेवायला हाक मारली. मुलगा दारात उभा होता, त्याच्याकडे न बघता मामा म्हणाले, "रविवारी लॉनवाल्यांना बोलाव."

जेवण मला गेलं नाही. निघताना मामा पडवीपर्यंत आले. वरचं गोणपाट बाजूला करून त्यांनी एका खांबावर हात ठेवला.

"हे तेवढे घेऊन जाशील का?" ते म्हणाले. "इथे आता यांना कुजायलासुद्धा वाफा राहणार नाही."

मी रिक्षा बोलावली. तिच्यात दोनच खांब मावले.