लाल गाडीचा पत्रा

मंठ्यात माझं सीट-कुशनचं दुकान आहे. हे काम मी वडिलांकडून शिकले. येतात ते बहुतेक ट्रॅक्टर आणि जीपवाले. म्हणून जालन्याच्या एका कारखानदार शेठनी वाटूरजवळच्या त्यांच्या शेतावर बोलावलं, तेव्हा नवल वाटलं. त्यांना जुन्या विलायती गाड्या जमवायचा नाद. शेडमध्ये दोन उभ्या होत्या, इटलीची लाल आणि इंग्लंडची हिरवी. दोन्ही दोन दारांच्या, लांबच्या प्रवासाला आरामात पळाव्यात म्हणून बनवलेल्या. सीटा मात्र उसवलेल्या.

"दोन्ही बराबर करा ताई. मंग ठरवतो, कोणती ठेवायची आन् कोणती विकायची."

महिनाभर मी तिथं खपले. सीटा तपासायला शेठनी मला दोन्ही गाड्यांतून परतूर रस्त्यावर फिरवलं. लाल गाडीचा आवाज असा की रस्त्यावरचे लोक वळून बघत, पण गुडघ्यांना भट्टीसारखी झळ लागायची. हिरवीत खड्डा गेलेलासुद्धा कळायचा नाही.

लाल गाडीचा गालिचा उचलला तेव्हा खालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला दिसला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. मी लगेच शेठना बोलावलं.

"शेठ, ही सीट इथं टिकणार न्हाई. आधी पत्रा बदला. आन् ठेवायचीच असंल तर हिरवी ठेवा."

ते हसले. "ताई, तुम्ही कुशनचं बघा. गाडीचं आम्ही बघून राह्यलोय." मग मी सीट त्याच पत्र्यावर बोल्टनं कसून दिली.

पुढच्या रविवारी त्यांचे मित्र आले. सगळ्यांनी लाल गाडीसोबत फोटो काढले. हिरवी त्याच आठवड्यात ट्रकवर चढून गेली. माझ्याकडं कोणी पाहिलंही नाही.

दोन महिन्यांनी फोन आला. ब्रेक मारताना शेठची सीट एका बाजूनं उखडली होती. त्यांना लागलं नव्हतं, पण आवाज चढलेला. "बोल्ट तुम्हीच कसले होते ना?"

मी गेले. बोल्ट पक्के होते, त्यांना कुजलेल्या पत्र्याचे तुकडे चिकटून आले होते. मी ते शेठच्या हातावर ठेवले. त्यांनी झटकून टाकले आणि वेल्डरला बोलावलं. नवा पत्रा बसला, सीट मी परत बसवली.

नंतर एकदा मी शेडमध्ये लाल गाडीच्या गालिच्याची किनार शिवत होते, तेव्हा शेठ पाहुण्यांना सांगत होते, "मंठ्याच्या बाईनं सीट ढिली ठेवल्ती, थोडक्यात वाचलो."

माझ्या हातातली सुई थांबली. "पत्रा कुजला होता, शेठ. मी आधीच सांगितलं होतं."

एका पाहुण्यानं वाकून गालिचा वर केला. खाली कोरा पत्रा चमकत होता. "हा तर चांगला दिसून राह्यलाय," तो म्हणाला.

शेठनी पायानं गालिचा परत सरळ केला. मी उरलेली किनार शिवली, पिशवी उचलली आणि फाट्यावर येऊन मंठ्याच्या गाडीत बसले. घरी पोचेपर्यंत त्या पाहुण्याला काय काय ऐकवायला हवं होतं, ते मनात जुळवत राहिले. त्यानंतर शेठनी दोनदा बोलावलं. मी गेले नाही.